गप्पांच्या वेगाने

छत्रपती संभाजीनगरातून आठवड्याच्या ठरल्या दिवशी चारचौघांनी मिळून गावाबाहेर पायी जाण्याच्या दोन रीती आहेत. एक श्रावणातली. शुक्रवारी रात्री जेवणे आटोपून निघायचे आणि शनिवारी उजाडता उजाडता खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन घ्यायचे. दुसरी बारमाही आणि अलीकडची. रविवारी झुंजूमुंजू व्हायच्या आत बुटांच्या नाड्या आवळायच्या आणि वेशीबाहेर पाच, दहा, कधी वीस किलोमीटर धावून यायचे. पहिलीत घड्याळाचा प्रश्न नसतो, दुसरीत नवसाचा. तरी दोन्हींची वाट बरीचशी एकच आहे, आणि दोन्ही टिकून आहेत त्या एकाच व्यवस्थेच्या जोरावर. जो सगळ्यांत मागे पडतो, त्याच्यासोबत कोणीतरी असते.

वाटेचे एक टोक जुन्या शहरात, शहागंजात आहे. शहागंज हा बाजारचौक. निजामी अमदानीतला घड्याळाचा मनोरा, अठराव्या शतकातली ऐसपैस मशीद, गांधीजींचा पुतळा, चमन, कापडाची दुकाने आणि त्यांच्यापुढे फळांच्या हातगाड्या असा त्याचा संसार. एका अंगाला सराफा आणि राजाबाजार, तिथे शहराचे ग्रामदैवत संस्थान गणपती. दुसऱ्या अंगाला सिटी चौक आणि पुढे गुलमंडी. दिवसा इथून पायी जाणे म्हणजे चालणे नव्हे, सरकणे. रात्री शटर खाली आले की मात्र चौक एकदम मोठा होतो, आणि ‘घड्याळापाशी ये’ एवढा पत्ता शहरातल्या कोणालाही पुरतो. आठवड्याच्या मंडळीला हेच हवे असते. जमण्याची जागा नव्या माणसाला समजावून सांगावी लागू नये, आणि कोणी उशिरा येणार असेल तर आधी आलेल्यांना टेकायला एखादा कट्टा असावा.

वार ठरलेला असणे हे जागेहूनही महत्त्वाचे. या शहराचा आठवडा आधीपासूनच खुणांनी भरलेला आहे. गुरुवारी छावणीचा बाजार, रविवारी जाफर गेटचा. गुरुवारी दर्ग्याला जाणारे, शुक्रवारी जुम्म्याला जाणारे, शनिवारी मारुतीला तेल घालणारे. तारीख कोणी विचारत नाही, वार सांगितला की झाले. रोज पहाटे उठून धावण्याचा नवीन वर्षाचा निश्चय संक्रांतीच्या आत मोडतो, आणि महिन्यातून एकदा करायची गोष्ट लग्नसराईत आणि पाहुण्यारावळ्यांत बुडून जाते. आठवड्याचे तसे नाही. सहा दिवस कामधंदा करून सातव्या दिवशी माणूस हजर राहू शकतो. आणि एखादी खेप चुकलीच, तर पुढच्या वेळी ‘काय हो, दिसला नाहीत?’ असे विचारणारे कोणीतरी भेटते. या विचारण्याच्या धाकाने जेवढी माणसे पहाटे अंथरुणातून उठतात तेवढी आरोग्याच्या काळजीने उठत नसावीत.

श्रावणातल्या शनिवारी अश्वत्थ मारुती पूजनाची रूढी महाराष्ट्रभर आहे. संभाजीनगरकरांनी तिला सुमारे पंचवीस किलोमीटरांची चाल जोडली. महिन्यात शनिवार चार येतात, कधी पाच. काही जण सगळे पकडतात, बाकीचे जमेल तो एक. रात्री नऊ-दहाच्या सुमारास जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून पाच-दहाजणांची टोळकी निघतात. गल्लीतली पोरे, दुकान बंद करून आलेले नोकर आणि कधी मालकही, वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून आलेले कामगार, नवीन लग्न झालेली जोडपी, आजीला मध्ये घेऊन निघालेले एखादे घर. भडकल दरवाजा मागे टाकून, खाम नदी ओलांडून ही टोळकी छावणीत येतात, आणि नगर नाक्याला पोचेपर्यंत त्यांचा ओघ झालेला असतो. पुढे पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद, घाट, कागजीपुरा आणि खुलताबाद.

नेमाने जाणारे अनवाणी चालतात किंवा पायाला वळण पडलेली जुनी चप्पल घालतात. नवखा माणूस खास या रात्रीसाठी घेतलेले नवे बूट घालून येतो आणि मिटमिट्यापर्यंत टाच सोलून घेतो. मग बूट हातात आणि मोजे खिशात. रस्त्याच्या कडेला बसून फोड तपासणाऱ्याभोवती पाच सल्लागार उभे असतात. एक म्हणतो फोडू नको, दुसरा म्हणतो सुई आहे का कोणाकडे, तिसरा पायाला रुमाल बांधून देतो आणि विषय संपवतो. टोळके तेवढा वेळ थांबते. थांबायचे की नाही, अशी चर्चा होत नाही.

शहर संपत आले की मंडळांचे तंबू लागतात. ट्यूबलाइटच्या उजेडात मोठ्या कढईत साबुदाणा परतला जात असतो. झाऱ्याने खिचडी द्रोणात पडते, एका टोकाला हिरव्या मिरचीचा तुकडा डोकावतो, वाढणारा दुसऱ्या हाताने केळे पुढे करतो. उपास असो नसो, घ्यावी लागते. ‘नको’ म्हणणाऱ्याला आग्रहाने जास्तच मिळते. पुढच्या तंबूत चहा, त्याच्या पुढच्यात पाण्याचे जार, एखाद्यात पायांना तेल चोळून देणारी पोरे. ही सगळी सेवा फुकट असते आणि तिचा फलक मात्र भला मोठा असतो, त्यावर देणाऱ्यांचे फोटो मारुतीच्या फोटोपेक्षा मोठे. चालणारे ते फार मनावर घेत नाहीत. खिचडी चांगली असते.

टोळीतल्या बोलण्याचेही टप्पे असतात. नगर नाक्यापर्यंत ‘बजरंग बली की जय’ जोरात असतो. पडेगावनंतर घोषणा मागे पडून गप्पा सुरू होतात, त्या प्लॉटच्या भावाच्या, पोराच्या दहावीच्या, कोणाचे जमले आणि कोणाचे फिसकटले याच्या. समोरासमोर बसून जे विचारायला अवघड जाते ते खांद्याला खांदा लावून चालताना सहज विचारले जाते, कारण दोघांचीही नजर रस्त्यावर असते. उसने पैसे परत मागण्याला आणि घरातल्या भांडणावर तोडगा काढायला ही रात्र बरी, असे जुने चालणारे मानतात. शरणापूर फाट्याच्या पुढे गप्पाही विरळ होतात आणि पावलांचाच आवाज उरतो, अधूनमधून कोणाच्या तरी मोबाइलवरचे भजन.

दौलताबादच्या डोंगराचा सुळका अंधारातही ओळखू येतो, आणि त्याच्या पायथ्याशी पंधराव्या शतकातला चाँद मिनार. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी इथे हलवली, तेव्हाही मोठा जमाव पायी चालत इथे आला होता. पण ती चाल हुकमाची होती. पुढे जुन्या तटबंदीतला दिल्ली दरवाजा लागतो. रस्ता त्या कमानीतूनच जातो, आणि कमानीत एका वेळी एकच मोठे वाहन मावते. धुळे–सोलापूर महामार्गाची वाहतूक कित्येक वर्षे याच कमानीतून गेली. एरवी तिथे ट्रक आणि एसट्या नाकाला नाक लावून खोळंबलेल्या दिसायच्या. श्रावणातल्या या रात्री जड वाहने दुसऱ्या मार्गाने वळवली जातात आणि कमान पायी चालणाऱ्यांना मोकळी मिळते. ती मुळात त्यांच्याच मापाची.

मग घाट. शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास, खुलताबाद साडेआठशेच्या. हा पावणेतीनशे मीटरांचा चढ सगळ्या वाटेवर सारखा पसरलेला नाही. त्यातला मोठा भाग दौलताबाद सोडल्यावर एकदम अंगावर येतो, तोही पाय आधीच पंधरा किलोमीटर चालून आलेले असताना. टोळी फुटते ती इथे. तरणी पोरे पुढे निसटतात, दमेकरी काका कठड्याला टेकतात, आणि मधली माणसे पुढे बघू की मागे अशी अडकतात. अशा वेळी प्रत्येक टोळीत एक माणूस आपसूक मागे राहतो. त्याला कोणी नेमलेले नसते. तो बहुधा सगळ्यांत जास्त खेपा केलेला असतो, त्याला लवकर पोचण्याची घाई नसते आणि त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे असतात. ‘चला, त्या वळणापर्यंत जाऊ, मग बसू’ असे म्हणत तो काकांना कागजीपुऱ्यापर्यंत आणतो. वळणावर बसणे होत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

कागजीपुरा हे हातकागदाचे गाव. तुघलकाच्या काळात आलेल्या कारागिरांपासून ही कला इथे चालत आली असे सांगतात, आणि आजही तिथे हातकागद बनतो. तिथून खुलताबाद हाकेच्या अंतरावर. १६१० मध्ये खडकी नावाने आजचे संभाजीनगर वसवणारा मलिक अंबर, त्याला आपले नाव देणारा औरंगजेब आणि तिथून कारभार पाहणारा पहिला निजाम, तिघांच्याही कबरी खुलताबादेत आहेत. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी या सूफी संतांचे दर्गेही. म्हणजे शहराला वार लावून खुलताबादला जाण्याची सवय एका मारुतीने लावलेली नाही. गुरुवारी याच घाटातून दर्ग्याला जाणाऱ्यांच्या गाड्या चढतात, त्यातही शहागंजातली माणसे असतात, आणि शनिवारी त्यांच्याच शेजारचे दुकानदार चालत जातात. या दोन गर्दींचे एकमेकींशी काय नाते आहे, यावर भाषणे बरीच होतात. घाटातल्या चहावाल्याला मात्र दोन्ही दिवस दूध जास्त मागवावे लागते.

भद्रा मारुती निजलेला आहे. मारुतीच्या अशा आडव्या मूर्ती भारतात मोजक्याच; प्रयागराजला संगमावर एक आणि मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ जामसावळीला एक. भद्रसेन राजाच्या भजनात तल्लीन होऊन मारुती इथे भावसमाधीत आडवा झाला, अशी स्थानिक कथा. रात्रभर उभ्या राहिलेल्या माणसांनी निजलेल्या देवाच्या दर्शनाला जायचे, यातली गंमत रांगेत एखाद्याच्या लक्षात येते आणि रांगभर हसू पसरते. परतताना कोणी चालत नाही. एसटी, काळी-पिवळी, कोणाचा तरी टेम्पो. आणि शनिवार असला तरी बऱ्याच जणांना दहाला दुकान उघडायचे असते.

रविवारच्या धावण्याला देव नाही, म्हणून त्याला नियम जास्त लागतात. आदल्या संध्याकाळी ग्रुपवर निरोप पडतो: किती वाजता, कुठून, किती किलोमीटर, पाणी कोण आणणार. वाटा ठरलेल्या. विद्यापीठाच्या आवारातून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत, हिमायतबागेवरून हर्सूलकडे, दक्षिणेला साताऱ्याच्या डोंगराच्या बाजूला, आणि ज्यांना लांब जायचे असते त्यांना नगर नाक्यावरून दौलताबाद. नाक्यापासून किल्ल्याच्या पायथ्याला शिवून परत आले की अर्धमॅरेथॉनच्या आसपास अंतर भरते. सुरुवातीची वेळ सूर्य ठरवतो. इथे जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि जूनच्या आरंभी पावणेसहाच्या सुमारास, त्यामुळे थंडीतले पहिले चार-पाच किलोमीटर अंधारातच जातात. डोक्याला दिवा बांधलेले लोक दुरून येताना पाहून दूधवाले आधी दचकायचे. आता हात करतात.

नियमांतला मुख्य नियम वेगाचा, आणि तो विचित्र आहे. या धावण्यात फार जोरात धावणे चुकीचे मानले जाते. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले तर वेग बरोबर. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त. ही केवळ सभ्यता नव्हे. संथ धावताना स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरेसा मिळतो आणि चरबीचे इंधन जास्त प्रमाणात वापरले जाते. असे महिनोन्‌महिने केले की स्नायूंतले केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींची ऊर्जा तयार करण्याची कुवत वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. वेग वाढवला की गप्पा बंद पडतात आणि या लाभातले फारसे काही वाढत नाही, थकवा मात्र वाढतो. मॅरेथॉनमधले अव्वल धावपटूही आपले बहुतेक किलोमीटर निवांत वेगानेच काढतात. नवख्यांना हे पटवणे अवघड असते. शाळेपासून त्यांनी धावणे म्हणजे शर्यत एवढेच पाहिलेले असते, आणि शर्यतीत मागे राहणे म्हणजे हसू होणे. म्हणून पहिल्याच रविवारी ते पहिले तीन किलोमीटर सुसाट पळतात, चौथ्यात पोटात कळ येते, आणि पाचव्यात मागून येणारा पोटवाला साठीचा गृहस्थ त्यांना ‘या, बरोबर चालू थोडं’ म्हणतो.

हा गृहस्थ जगभर भेटतो. रविवारच्या अशा धावण्याची आजची घडी बरीचशी न्यूझीलंडमध्ये बसली. ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड हा प्रशिक्षक आपल्या धावपटूंना दर रविवारी शहराबाहेरच्या वायटाकेरे डोंगरांत बावीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटर, घेऊन जायचा. त्यात ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलही असे. स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे सुवर्ण जिंकले आणि त्याच दिवशी त्याचा सोबती मरे हॅल्बर्गने ५००० मीटरचे. अवघी दोन मिनिटे धावण्यासाठी रविवारी दोन-अडीच तास डोंगरात कशाला, असे विचारणारे त्यानंतर गप्प झाले. मग लिडियार्डने हाच प्रयोग पोट सुटलेल्या आणि हृदयविकारातून उठलेल्या सामान्य लोकांवर केला. त्यांचा क्लब १९६२ च्या सुमारास निघाला.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणा म्हणून गेला. पन्नाशीचा, धावपटू घडवण्यात नावाजलेला माणूस. लिडियार्डने त्याला एका रविवारी या मंडळींबरोबर सोडले. बॉवरमनला वाटले, थोडे अंतर पळून सगळे थांबतील. मंडळी टेकडीच्या दिशेने निघाली ती निघालीच. बघता बघता बॉवरमन सगळ्यांच्या मागे पडला. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके पचवलेले एक गृहस्थ मुद्दाम मागे आले आणि त्याच्याशी गप्पा मारत धावत राहिले. प्रशिक्षकाला उत्तर द्यायला दम नव्हता. बॉवरमन घरी परतला तो जॉगिंगचे वेड घेऊन, आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्याने त्यावर लिहिलेले पुस्तक अमेरिकेत तुफान खपले. पुढे नाइके होणाऱ्या बुटांच्या धंद्यातही तो भागीदार होता. बुटांचा इतिहास लिहिणारे त्याचे नाव घेतात. मागे राहिलेल्या गृहस्थाचे क्वचितच.

इतर देशांतले नमुने थोडक्यात सांगता येतील. १९३८ मध्ये क्वालालंपूरला ब्रिटिश नोकरदारांनी दर सोमवारी कागदाच्या कपट्यांचा माग काढत रानात पळायचा खेळ सुरू केला. वाटेत खोटे माग ठेवलेले असत, त्यामुळे पुढे पळालेले फसून परतत आणि मागचे त्यांना गाठत. सगळे एकत्र ठेवायची ही युक्ती नामी होती, पळून झाल्यावरच्या बिअरएवढी नसली तरी. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जणांनी सुरू केलेली पाच किलोमीटरची शनिवारची मोफत धाव आज अनेक देशांत होते, आणि तिच्यात सर्वांच्या शेवटी चालणारा एक स्वयंसेवक नेमलेलाच असतो, म्हणजे कोणी शेवटचे येतच नाही. संभाजीनगरच्या रविवारी याच कामाला ‘स्वीपर’ म्हणतात. दौलताबादच्या घाटात त्याला नाव नाही.

शहरातले धावणारे ज्याला मोकळे रान समजून जातात तिथे आधीपासून धावणारे असतात, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. शरणापूरच्या पुढे कपाशी आणि मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर पहाटे पाचला पोरांची एक रांग भेटते. पायात कॅनव्हासचे किंवा उसवलेले बूट, काहींच्या पायात काहीच नाही, अंगात बनियन. ही भरतीची पोरे. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत या धावण्याचे २० गुण असतात, आणि एका गुणावर यादीतून नाव जाते. त्यामुळे यांच्या धावण्यात गप्पा नसतात. एकाच्या हातात मोबाइलचे स्टॉपवॉच, तो ओरडून सेकंद सांगतो, बाकीचे जीव तोडून पळतात. शहरातून आलेला इंजिनिअर त्यांना हात करतो, तेही करतात. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे एखादा टक लावून बघतो. दोघे एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, जवळजवळ एकाच वयाचे असले तरी एक ताण घालवायला धावतो आणि दुसरा नोकरी मिळवायला. काही गटांनी या पोरांना आपल्या रविवारात सामील करून घेतले आहे. ते फार चांगले चालते असे नाही. ज्याला सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आसपास काढायचे आहेत त्याला सात मिनिटांच्या किलोमीटरने दोन तास धावण्यात काय गोडी? पण जुने बूट देण्याघेण्यापलीकडे ओळख गेली की बोलणे होते, आणि घाट चढताना छोटी पावले कशी टाकायची हे शहरातल्यांना तेच शिकवतात.

गावाकडच्या टोळीने धावण्याला याहून जुने रूपही आहे. घटस्थापनेच्या आधी मराठवाड्यातल्या गावोगावची तरुण मंडळे तुळजापूरहून भवानीची ज्योत आणतात. पेटती मशाल हातात घेऊन एक जण अनवाणी पळतो, बरोबर चार-पाच जण, मागे टेम्पो. टेम्पोत देवीचा फोटो, स्पीकर, तेलाचा डबा आणि पुढच्या पाळीची पोरे. पळणारा दमला की टेम्पोतून दुसरा उडी मारतो, धावता धावताच मशाल हातातून हातात जाते, कोणीतरी बाजूने पळत तिच्यावर तेल ओततो, आणि आधीचा टेम्पोची फळी धरून आत ओढला जातो. ज्योत थांबू द्यायची नसते. गाव शंभर किलोमीटरवर असो की दोनशे, दिवसरात्र हेच. शहरी मॅरेथॉनमधल्या रिलेला जे शिस्तीने जमवावे लागते ते इथे विशीतली पोरे, डीजेचा आवाज कानावर घेत, सहज करतात. आषाढीच्या वारीतही, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे येताना, वारकरी उतारावरून धावतात. या धाव्यात सत्तरीची आजी नऊवारीचा काष्टा सावरत पळते आणि तिला तिची ‘पेस’ कोणी विचारत नाही.

टोळीचे सर्वांत मोठे काम कोणते, हे बायकांना विचारावे. श्रावणातल्या रात्री बायका पंचवीस किलोमीटर चालतात, कारण त्या रात्री सगळा रस्ताच घरचा झालेला असतो. एरवी पहाटे साडेपाचला पडेगावच्या रस्त्यावर एकटीने धावायचे म्हटले तर घरून परवानगी आणि रस्त्यावर निर्धास्तपणा, दोन्ही मिळणे कठीण. मागून हळू होणारी मोटारसायकल, ढाब्यापाशी उभे राहून बघणारे, मोकाट कुत्री. पाच जणी मिळून गेल्या की यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा जोर ओसरतो, आणि कुत्र्यांसाठी एकीच्या हातात काठी असते. पुरुषांच्या गप्पांत आठवड्याची धाव म्हणजे मैत्री, फिटनेस, मजा. बायकांच्या दृष्टीने ती आधी रस्त्यावर असण्याची सबब आहे, बाकीचे नंतर. गटात बायका वाढल्या की सुरुवात उजेडात ढकलली जाते आणि त्याबद्दल कुरकुर करणारे पुरुष असतातच.

वाहनांचे भय दोघांनाही सारखेच. म्हणून गटांचा दंडक असा की रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावायचे, दोघांपेक्षा जास्त एका ओळीत यायचे नाही, कानात गाणी घालायची नाहीत, आणि अंगात उठून दिसणारा कपडा हवा. गप्पांच्या भरात हा दंडक दर रविवारी मोडतो. मग मागून कोणीतरी ‘गाडी!’ म्हणून ओरडते आणि ओळ एकेरी होते.

घाट चढण्यापेक्षा उतरण्याची काळजी जास्त घ्यावी लागते. चढताना दम लागतो, पण तो वळणावर उभे राहिले की परत येतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीर आवरून धरतात, आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ती त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तेव्हा कळते. म्हणून जाणते लोक खुलताबादवरून खाली धावत येत नाहीत; वर पोचून चहा घेतात आणि एसटीने परततात. मारुतीला जाणाऱ्यांनी हे कोणत्याही शास्त्राशिवाय ठरवून टाकले होते.

वर्षाचा क्रम साधारण असा असतो. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले की गट पुन्हा भरतात. श्रावणात शुक्रवारी रात्री जे घाट चढून आले ते रविवारी येत नाहीत, आणि आले तरी लंगडतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने पंचाईत झाली होती. व्रते निज श्रावणातच करायची हा शास्त्रार्थ सर्वांना ठाऊक असतो, पण चालायचे पाय तोवर शिवशिवू लागतात. ऑक्टोबरचे ऊन थोडे दिवस त्रास देते. दिवाळीनंतर ज्वारी उभी राहते, हवेत गारवा येतो, शर्यतींचा हंगाम सुरू होतो आणि गप्पांच्या वेगाचा नियम दोन महिने कोणी पाळत नाही; जो तो घड्याळात बघत असतो. फेब्रुवारी सरला की पदके भिंतीला लागतात आणि वेग पुन्हा माणसात येतो. चैत्रात हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री खुलताबादचा रस्ता आणखी एकदा चालणाऱ्यांनी भरतो. तेव्हा उन्हाळा चढलेला असतो, त्यामुळे रात्रीशिवाय पर्याय नसतो आणि तंबूंत चहापेक्षा ताकाला गिऱ्हाईक जास्त. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. रविवारचे अंतर आठ-दहा किलोमीटरांवर येते, दौलताबाद रद्द होऊन हिमायतबागेच्या आसपासच फेऱ्या होतात, सुरुवात पाचला आणि साडेसहाला सगळे पोह्यांच्या गाडीवर.